नव्व्याण्णव अंडी आणि एक विहीण

सुट्टीचा शेवटचा दिवस कसा निभवावा, हे कुणीही प्रनोमबाईंकडून शिकावं! पहिल्या दिवसाचं काय, समुद्र दिसला की माणूस चपला हातात घेऊन धावत सुटतोच. कस लागतो तो शेवटच्या दिवशी. चार्जर भिंतीत राहतो, ओला टॉवेल बाथरूमच्या दारामागे राहतो, आणि बॅग मात्र येतानापेक्षा दुप्पट फुगते. प्रनोमबाई दरवर्षी राचबुरीहून चाआमच्या समुद्रावर यायच्या, आणि इतक्या वर्षांत त्यांची एक टाचणीसुद्धा रिसॉर्टवर मागे राहिलेली नव्हती.

"शेवटच्या सकाळी समुद्रात उतरायचं नाही. कपडे वाळत नाहीत, घरी पोचेपर्यंत अख्ख्या बॅगेला मासळीबाजाराची कळा येते."

"पायाची वाळू धुवायची नाही. पावडर चोळायची. आपोआप गळून पडते."

"परतताना गाडीत उजवीकडे बसायचं. दुपारचं ऊन डावीकडून येतं."

अशा सूचना त्या दिवसभर वाटायच्या. न मागता, आणि अगदी हळू, गोड आवाजात. नवरा वीरत तीस वर्षं ऐकत आला होता. आताशा त्याच्या कानांना समुद्राची गाज आणि बायकोच्या सूचना यांतला फरक कळत नसे.

यंदा मात्र सूचनांना नवा श्रोता लाभला होता. मुलगा थनिन याचं लग्न दोन महिन्यांवर आलेलं. त्याची नियोजित वधू ओरवन आणि तिची आई सुमालीबाई, सुफानबुरीच्या शाळेच्या निवृत्त मुख्याध्यापिका, या दोघीही सोबत आल्या होत्या. दोन्ही घरांनी लग्नाआधी तीन दिवस एकत्र काढावेत, ही कल्पना पोरांची. कारण साखरपुड्यात या दोन विहिणींचं जे काही झालं होतं, ते अजून कुणी विसरलेलं नव्हतं.

झालं होतं असं. पंगतीला तांदळाच्या शेवया होत्या. शेवया जितक्या लांब तितका संसार लांब, म्हणून त्या मंगलकार्यात कुणी तोडत नाही. आणि प्रनोमबाईंनी म्हाताऱ्या माणसांना खायला सोपं जावं म्हणून सगळ्या शेवया शिवणाच्या कात्रीने दोन-दोन बोटांच्या कापून ठेवल्या होत्या!

"माझ्या लेकीचा संसार कापलात तुम्ही!" सुमालीबाई भर मांडवात म्हणाल्या.

"सोय बघितली हो मी," प्रनोमबाई म्हणाल्या, "तुमच्या आईंना दात कुठे आहेत?"

त्यानंतर तीन आठवडे दोन्ही घरांत फोन वाजला नव्हता. पुन्हा एक ठिणगी पडली असती तर सुमालीबाईंनी लग्न मोडलं असतं. तसं त्या बोलूनही दाखवत.

म्हणून पहिल्याच संध्याकाळी, रिसॉर्टच्या फाटकाशी खांबावर जे जागेवाल्याचं, म्हणजे त्या जागेच्या राखणदार देवाचं, चिमुकलं देऊळ होतं तिथे, "दोन रात्री राहतो आहोत, सांभाळून घे," असं सगळ्यांचं म्हणून झाल्यावर प्रनोमबाई मागे रेंगाळल्या. देवळात लाल सरबताची बाटली होती, तिच्यात नळी घातलेली. शेजारी लाकडी हत्तींची रांग. प्रनोमबाईंनी हात जोडले. भिक्खूंना भात वाढल्याशिवाय सकाळी पाण्याचा घोटही न घेणारी ती बाई. देवाशी बोलताना पत्त्यासकट बोलायची, म्हणजे त्याला शोधत बसायला नको.

"देवा, मी प्रनोम. राचबुरी, बाजारामागची गल्ली, शिवणाचं दुकान. हे तीन दिवस माझं आणि सुमालीताईंचं भांडण होऊ देऊ नकोस. फाटक ओलांडायच्या आत तुला उकडलेली अंडी वाहीन. न..."

खरं तर त्यांना नऊच म्हणायचं होतं! पण मनात शेवयांचा तो प्रसंग आला, धास्ती वाढली, आणि तोंडातून निघालं, "नव्व्याण्णव." निघालं ते निघालं. तिथे घासाघीस चालत नाही.

आणि देव पावला हो! तीन दिवसांत एक वाकडा शब्द नाही. प्रनोमबाई सूचना करत आणि सुमालीबाई शांतपणे ऐकत. इतक्या मन लावून ऐकत की कधी कधी डोळे मिटून घेत. काल संध्याकाळी तर मच्छर चावल्यावर लिंबू कसं लावावं हे ऐकताना त्यांनी मांडीवर हातसुद्धा जोडले होते!

"किती आदराने ऐकतात!" प्रनोमबाई नवऱ्याला म्हणाल्या. वीरत नुसताच हसला.

आता राहिला होता शेवटचा दिवस आणि नवस. बारा वाजता खोली सोडायची. त्याआधी नव्व्याण्णव अंडी, तीही सुमालीबाईंना पत्ता लागू न देता. कारण ज्या विहिणीशी भांडण होऊ नये म्हणून नवस बोलायची वेळ आली, तिलाच ते कळलं तर भांडणाला दुसरं कारण कशाला हवं?

पहाटे फाटकासमोरचं दुकान उघडताच प्रनोमबाईंनी तिथले होते नव्हते ते चारही ट्रे उचलले. प्रत्येकात तीस. म्हणजे नव्व्याण्णववर एकवीस जास्तीची, फुटली-तुटली तर असावीत म्हणून. हिशेब पक्का होता. खोलीतल्या चहाच्या किटलीत एका वेळी पाच अंडी मावतात, एका खेपेला बारा मिनिटं लागतात, म्हणजे साडेनऊला मोकळं!

"अहो, उठा. किटलीशी बसा."

"चहा?" वीरतने आशेने विचारलं.

"अंडी."

तो काही न विचारता बसला. संसारात न विचारता बसण्याची त्याला सवय होती.

पहिली खेप उत्तम. दुसरी खेप उत्तम. तिसऱ्या खेपेला एक अंडं तडकलं, आतून पांढरा फेस आला, फेसाने झाकण उचललं, फेस उतू जाऊन खाली वायरीवर गेला, आणि 'फट्' असा आवाज होऊन सात नंबरच्या खोलीतला पंखा थांबला. पाठोपाठ आठ नंबरमधला. मग नऊ, मग दहा. सगळी रांग गार पडली. म्हणजे खरं तर गरम पडली!

आठ नंबरचं दार उघडलं. सुमालीबाई बाहेर आल्या. अर्ध्या डोक्याचे केस सरळ, अर्धे गुंडाळ्यांत.

"काय झालं, प्रनोमताई?"

"वीज गेली वाटतं," प्रनोमबाई म्हणाल्या. हे काही खोटं नव्हतं. पाठीमागे धरलेल्या हातात मात्र चटके देणारं अंडं होतं, त्यामुळे पुढे बोलवेना.

सुमालीबाई वाट पाहत उभ्या राहिल्या. वीज जाणं हा केवढा विषय! बॅटरी कुठे ठेवावी, फ्रिज का उघडू नये... पण प्रनोमबाई गप्प. सुमालीबाईंच्या कपाळावर एक बारीक आठी आली, आणि त्या विचार करत आत गेल्या.

आता स्वयंपाकघराशिवाय गत्यंतर नव्हतं. प्रनोमबाईंनी ट्रे चादरीत गुंडाळले आणि मागच्या वाटेने निघाल्या. वाटेत गाठ पडली ती नेमकी सुमालीबाईंची! त्या होड्यांपाशी जाऊन आल्या होत्या. हातात सुकवलेली माकुलं, उग्र वासाची मासळी, ढीगभर. आणि ती बांधली होती कशात? एका पातळशा पिशवीत! एकाच!

प्रनोमबाईंच्या जिभेवर सगळं आलं. तीन पिशव्या, मधल्या पिशवीत वर्तमानपत्र, तोंडाला दोरा. पण हातात एकशे पाचच अंडी राहिलेली, चादर सरकत होती, आणि थांबलं की चादरीत काय आहे हा प्रश्न ठरलेला.

"छान आहेत हं माकुलं!" असं म्हणून त्या झपाझप पुढे गेल्या.

सुमालीबाई जागच्या जागी उभ्या राहून बघत राहिल्या. मग त्यांनी एकदा पिशवीकडे पाहिलं, एकदा आभाळाकडे. चेहरा पांढराफटक!

स्वयंपाकघरात लमून नावाची आचारीण पेजेचं पातेलं घासत होती. चादर उघडताच तिचे हात थांबले.

"किती आहेत, मावशी?"

"वाहायची नव्व्याण्णव. उकडून देशील का गं? गुपचूप."

"नवसाची?"

"हो."

लमूनने फडक्याला हात पुसले, इकडेतिकडे पाहिलं, आणि जवळ येऊन कुजबुजली, "काल सोळा तारीख होती."

"मग?"

"सोडत होती, मावशी! आणि आज नव्व्याण्णव अंडी! मला कळत नाही होय?"

"छे गं! लॉटरीबिटरी काही नाही!"

"लागलेली माणसं असंच म्हणतात."

"अगं, मी जन्मात तिकीट घेतलं नाही!"

"हेही म्हणतात," लमून समजूतदारपणे म्हणाली आणि मोठं पातेलं चुलीवर चढवलं. "खोली कितवी तुमची?"

"सात. का गं?"

"सहज."

अंडी उकडेपर्यंत ही 'सहज' गोष्ट माळ्याने ऐकली, माळ्याने धोबिणीला सांगितली, धोबिणीने प्रत्येक खोलीत टॉवेलाबरोबर पोचवली. प्रनोमबाई अंडी परातीत रचून स्वयंपाकघराबाहेर आल्या, तेव्हा दोन बायका सात नंबरच्या दाराचा फोटो काढत होत्या. एक गृहस्थ त्यांच्या भाड्याच्या गाडीचा नंबर पुढच्या तिकिटासाठी तळहातावर लिहून घेत होता. बँकॉककडची एक आजी पुढे आली आणि तिने न विचारता प्रनोमबाईंच्या दंडाला हात लावून तो स्वतःच्या कपाळाला लावला.

"आजी, अहो तसलं काही नाही हो!"

"असू दे बाई. मी कुणाला सांगत नाही," आजी म्हणाली आणि लगेच सगळ्यांना सांगायला गेली.

साडेदहाला प्रनोमबाई जागेवाल्यासमोर पोचल्या. परात ठेवली. पुन्हा मोजली. लमूनच्या पातेल्यात सहा तडकली होती, पण नव्व्याण्णव अख्खी, गुळगुळीत. नऊ उदबत्त्या लावल्या. उदबत्त्या जळेपर्यंत थांबायचं, मग देवाची परवानगी मागून अंडी उचलायची, वाटायची, आणि फाटकाबाहेर पडायचं. सगळं वेळेत. फक्त एकटं असायला हवं होतं, आणि पाठीमागे पंधरा माणसं माना उंच करून उभी होती. राख कुठल्या आकड्यासारखी वळते ते बघायला!

एवढ्यात किनाऱ्याकडून वीरत धापा टाकत आला. वीज गेल्यावर बायकोने त्याला खेकडे बघायला पिटाळलं होतं.

"अगं, ऐकलंस का? सात नंबरच्या खोलीतल्या बाईला लॉटरी लागली!" आणि मग त्याचं त्यालाच थांबावं लागलं. "सात नंबर म्हणजे... आपण!"

"अहो..."

"तीस वर्षं!" वीरत म्हणाला. "तीस वर्षं मी महिन्यातून दोनदा तिकीट घेतो. तू मला नावं ठेवतेस. आणि स्वतःला लागली ती मला सांगितलीही नाहीस? किटलीशी बसवलंस नुसतं!"

"नाही हो लागली!"

"मग या अंड्यांचं काय?"

लोकांनी वाट दिली. मधून सुमालीबाई आल्या. केस आता सगळे सरळ. पाठ ताठ, आवाज प्रार्थनेच्या वेळी रांगेत बोलणाऱ्या मुलाला उभं करणारा.

"अभिनंदन, विहीणबाई. धोबिणीकडून कळलं. आपल्या माणसाची चांगली बातमी धोबिणीकडून कळावी, हेही छानच."

"सुमालीताई, लॉटरी नाही."

"मग काय मागितलं होतंत?"

प्रनोमबाईंनी परातीकडे पाहिलं. एक शब्द फिरवला की झालं. गुडघेदुखी म्हणावं. थनिनची बढती म्हणावं. पण समोर जागेवाला, उदबत्त्या अजून जळताहेत, अंडी त्याच्याच पुढ्यात. इथे खोटं बोलायचं? आणि खरं बोलावं तर ज्यासाठी नवस केला तेच शेवटच्या तासाभरात हातचं जायचं. लग्न, पोरं, सगळं. थनिन आणि ओरवन गाडीत बॅगा भरता भरता थांबून बघत होते.

"तुमच्याशी भांडण होऊ नये," प्रनोमबाई अगदी हळू म्हणाल्या. "एवढंच मागितलं होतं."

"काय?"

"मला भीती वाटते हो तुमची. माझ्या तोंडून काहीतरी जातं. सोय म्हणून जातं, आणि मग शेवया होतात."

पंधरा माणसांनी एकदम श्वास सोडला. निराशेचा!

"म्हणजे नंबर नाही?" लमूनने विचारलं.

"अंडी नव्व्याण्णव, आणि भांडण टाळायला?" गाडीचा नंबर लिहिणारा गृहस्थ तळहात पुसायला लागला.

"थांबा, पुसू नका!" धोबीण म्हणाली. "दोन विहिणी, तीन दिवस, एका छपराखाली, आणि भांडण नाही? लॉटरीपेक्षा मोठा चमत्कार आहे हा! खोल्या कितव्या? सात आणि आठ. अठ्ठ्याहत्तर घ्या!"

गृहस्थाने पुन्हा लिहिलं.

सुमालीबाई मात्र हलल्या नव्हत्या. त्यांच्या चेहऱ्यावर राग यायचा तो आला नाही. दुसरंच काहीतरी आलं. वर्गात चोरी करताना स्वतः बाईच सापडाव्यात, तसं.

"प्रनोमताई," त्या म्हणाल्या, "मीही नवस बोललेय या देवाला. काल."

"भांडणाचंच?"

"नाही. मी म्हटलं, उद्या उजाडल्यापासून गाडीत पाय ठेवेपर्यंत प्रनोमताईंनी मला एकही सूचना करू नये. केली नाही तर पन्नास अंडी वाहीन."

प्रनोमबाईंना डोळे मिटून ऐकणाऱ्या सुमालीबाई आठवल्या. ते मांडीवर जोडलेले हात आठवले. इतकं सगळं एकदम आठवलं की त्यांना जरा बसावंसं वाटलं. त्या खाली कट्ट्यावर बसल्या.

"मी आपलं तोंडाला आलं ते बोलून गेले होते," सुमालीबाई घाईघाईने म्हणाल्या. "हे कधी होणार नाही याची खात्री होती हो! आणि आज वीज गेली तरी तुम्ही गप्प. एका पिशवीत माकुलं पाहिलीत तरी गप्प! दुकानावर धावले, तर दुकानदार म्हणतो, पहाटेच कुणी बाई सगळी अंडी घेऊन गेली."

"माझ्याकडे थोडी उरलीत," प्रनोमबाई म्हणाल्या. "किती उरलीत हो?"

"अकरा," वीरत म्हणाला. "पंधरा होती. किटलीतली चार मी खाल्ली. मला कुठे माहीत होतं ती देवाची?"

"आणि ही वाहिलेली चालायची नाहीत," सुमालीबाई परातीकडे बघत म्हणाल्या. "उष्टा नैवेद्य कसा द्यायचा? पुढचं दुकान बाजारात. गाडीवाला बाराच्या पुढे थांबत नाही. नवस न फेडता फाटक कसं ओलांडू मी? लेकीचं लग्न तोंडावर आलंय!"

मुख्याध्यापिकेच्या डोळ्यांत पाणी आलं. शाळेत हे कुणी पाहिलेलं नव्हतं.

उदबत्त्या विझत आल्या. प्रनोमबाईंनी हात जोडले, परवानगी मागितली, परात पुढ्यात ओढली. मनात काय चाललं होतं ते जागेवाल्याला ठाऊक. राग होता थोडा. तीन दिवस आपण जीव ओतून सांगावं, आणि ऐकणाऱ्याने त्यावर नवस करावा! गप्प बसणं आता किती सोपं होतं. गाडी सुटेपर्यंत फक्त पंधरा मिनिटं.

मग त्या उठल्या, सुमालीबाईंजवळ गेल्या, आणि हळू, गोड आवाजात म्हणाल्या, "सुमालीताई, ती माकुलं एका पिशवीत ठेवू नका. तीन पिशव्या घ्या. मधल्या पिशवीत वर्तमानपत्र, आणि तोंडाला दोरा."

सुमालीबाईंचा चेहरा असा उजळला, जणू वीज आली.

"बोललात!"

"बोलले."

"गाडीत पाय ठेवायच्या आत बोललात! म्हणजे मागितलं ते मिळालं नाही. म्हणजे मी देणं लागत नाही!" त्यांनी जागेवाल्याकडे वळून मोठ्याने सांगितलं, "देवा, ऐकलंस ना? माझी काही तक्रार नाही!"

आणि सगळ्यांसमोर त्यांनी प्रनोमबाईंना मिठी मारली. थनिनने ओरवनकडे पाहिलं, ओरवनने थनिनकडे, आणि दोघं जोरात बॅगा भरायला लागले, न जाणो मिठी सुटायची.

अंडी वाटली. लमूनला दहा, धोबिणीला दहा, आजीला पाच आणि आणखी एकदा दंडाला हात. बारा वाजता गाडी फाटकाबाहेर पडली. सुमालीबाई आपण होऊन उजवीकडे बसल्या.

"बघा, ऊन येतंय का?" प्रनोमबाई म्हणाल्या.

"नाही येत," सुमालीबाईंनी कबूल केलं.

तेवढं कबूल केलं आणि पंचाईत झाली! कारण प्रनोमबाईंना सकाळपासून तुंबलेलं सगळं आता वाट मिळून बाहेर पडायला लागलं. घरी गेल्यावर बॅग आधी उन्हात उघडायची. वाळू झाडायची ती दाराबाहेर. मिठाच्या पाण्यात गेलेला कपडा आधी साध्या पाण्यात. फेचबुरी येईपर्यंत एकोणीस सूचना झाल्या. वीरत झोपला होता, त्याच्या कानांत गाज चालू होती.

घाटावरच्या देवळाशी गाडीवाल्याने रिवाजाप्रमाणे तीनदा भोंगा वाजवला. सुमालीबाईंनी हात जोडले, डोळे मिटले, आणि ओठ बराच वेळ हलत राहिले.

"काय मागितलंत हो?" वीरतने जागा होऊन विचारलं.

"काल पन्नास म्हटलं होतं, ते कमी पडलं," सुमालीबाई म्हणाल्या. "आता दोनशे बोललेय."

प्रनोमबाई मांडीवर अंडं सोलत होत्या. त्यांनी सोललेलं अंडं पुढे करून विहिणीच्या हातावर ठेवलं.

"दोनशे उकडायची असली ना, सुमालीताई," त्या हळू आवाजात म्हणाल्या, "तर किटलीत नका हं टाकू."